उंचवटा कुणाचा

मी आलं किसत होतो, आणि आतल्या खोलीतून माझ्या सुनेनं माझ्या यंत्राला कचरा म्हटलं. मोघम नाही, नाव घेऊन. "ते सगळं डीएमई आहे, निनाद. कचरा. उडवून टाक सरळ." निनाद म्हणजे तिचा पुण्याचा सहकारी, दुपारच्या चहाच्या वेळी तो रोज तिच्या पडद्यावर येतो आणि दोघं आकाशावरून भांडतात. मी किसणी धरून तसाच उभा राहिलो. बोटाला लागलंय हे मला चहा उकळल्यावर कळलं. लखनौच्या जानेवारीत बोटं अशीही बधिर असतात, पण हे त्यातलं नव्हतं. कुणा परक्यानं म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. श्रुतीनं म्हटलं, आणि तेही सहज, मेथीची देठं बाजूला काढावीत तसं, म्हणून ते आत जाऊन बसलं.

डीएमई म्हणजे विमानाला अंतर सांगणारं यंत्र. वरून विमान विचारतं, मी किती लांब आहे? खालून यंत्र उत्तर देतं. विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत जो एवढासा वेळ जातो त्यावरून विमान आपलं अंतर काढतं. टप्प्यात असेपर्यंत ते याच यंत्राला विचारत राहतं, टप्पा सुटला की पुढच्या शहराच्या यंत्राला विचारू लागतं. अमौसीच्या धावपट्टीच्या कडेला, गवतात, एका बसक्या खोलीत असं एक यंत्र होतं आणि माझी नोकरी त्या खोलीच्या आसपास सरली. बाळकृष्ण हे नाव इथल्या जिभेवर कधी बसलं नाही. विमानतळावर मी बालकिशनजी होतो. "बालकिशनजी, आपकी मशीन बोल रही है ना?" असं टॉवरवरून रोज विचारायचे, आणि मी रोज म्हणायचो, बोल रही है साहब. कारण तिची एक सवय होती. जवळपास विमान नसलं, कुणी काही विचारत नसलं, तरी ती आपली मधूनमधून बोलत राहायची. रिकामी बडबड. ती मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे येणाऱ्या विमानाला कळतं की इथे कुणीतरी जागं आहे. त्या काळी लखनौला विमानं मोजकी. दिवसाचा बराचसा भाग मी आणि ते यंत्र कुणाशीच न बोलता बडबडत असायचो. निवृत्त झालो त्यानंतर काही वर्षं घरात माझं तेच चाललं होतं, फक्त येणारं विमान नव्हतं.

मग श्रुती आली. तिचा हा आमच्याकडचा तिसरा हिवाळा. माझा मुलगा अभिजित रेल्वेत इंजिनियर, त्याची नेमणूक इथेच, आणि ती पुण्यात रेडिओ दुर्बिणीच्या कामात. लग्न झाल्यावर तिनं म्हटलं, मला काय, माझी दुर्बीण आफ्रिकेत आहे, तिचा डेटा मला चारबागच्या फलाटावरसुद्धा उघडता येईल. मागची खोली तिनं घेतली, तिथल्या रजया आणि पितळी डबे माळ्यावर गेले, दोन मोठे पडदे आले. आणि घरात मराठी परत आली. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं, की ती गेली होती. अभिजित इथला जन्मलेला. आम्ही मराठीत बोलायचं, त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं, असं इतकी वर्षं चाललं होतं की मी आणि माझी बायको पद्माही एकमेकांशी अर्धं हिंदीच बोलू लागलो होतो. श्रुती आल्यावर एक दिवस जेवताना पद्मा म्हणाली, "जरा ताक घुसळलंय, घ्या," आणि मला घुसळणं हा शब्द किती वर्षांनी ऐकला असं होऊन मी उगीचच दोन वाट्या ताक प्यायलो. त्याबद्दल सुनेचे आभार मानायचे तर कसे मानणार. आमच्या मिरजेच्या घरात आभार मानायची पद्धत नव्हती, लखनौच्या घरातही आली नाही. मी तिच्या चहात आलं जास्त घालायचो, एवढंच.

आणि तिनं मला विचारलं. माझ्या कामाबद्दल मला कुणी कधी विचारलं नव्हतं. अभिजितच्या लेखी बाबा एअरपोर्टला होते, बस. पद्माच्या लेखी मी सतत तिकडे होतो आणि घरी नव्हतो. श्रुतीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, बाबा, तुमची फ्रीक्वेन्सी काय होती? मी सांगितली. ती हसायला लागली. "म्हणजे तुम्ही माझे शत्रू!" मग तिनं समजावलं. विश्वात सगळ्यात जास्त असलेली वस्तू म्हणजे हायड्रोजन. त्याचा एकटा अणू कोटीभर वर्षांत कधीतरी एकदा बोलतो, तोही अगदी हलक्या आवाजात, एका ठरलेल्या सुरावर. पण अणू इतके की सतत कुणी ना कुणी बोलतच असतं. मी म्हटलं, आमच्या मिरजेच्या गल्लीसारखं. "हो, तसंच," ती म्हणाली. तो सूर मूळचा चौदाशे वीस मेगाहर्ट्झचा. चार अब्ज वर्षं प्रवास करून इथवर येता येता तो ताणला जातो आणि हजाराच्या आसपास उतरतो. आणि हजाराच्या आसपास कोण बसलेलं असतं? आम्ही. जगातल्या सगळ्या विमानतळांवरची अंतर सांगणारी यंत्रं आणि त्यांना विचारणारी सगळी विमानं. तिची दुर्बीण आफ्रिकेच्या दक्षिणेला एका उजाड माळावर आहे, माणूस नाही, मोबाइल नाही, नुसत्या छत्र्याच छत्र्या. पण विमानं वरून जातातच. त्यांचं बोलणं सगळ्यात आधी ओळखून काढून टाकावं लागतं. त्यानंतर आपल्याच आकाशगंगेचा गोंगाट काढायचा, तो तर हायड्रोजनच्या हजारो पट. मग तळाशी जे थोडंसं राहतं, त्याचा नकाशा.

हे मला सगळं माहीत होतं. म्हणजे कचरा हा शब्द तेवढा माहीत नव्हता. ती माझ्यासमोर त्याला "तुमची मंडळी" म्हणायची. आज तुमची मंडळी फार आहेत बाबा, असं. पाठीमागे कचरा. त्या दुपारी चहा नेऊन दिला तेव्हा तिनं वर बघून नेहमीसारखं "अहाहा" केलं, आणि मला वाटलं, हिला कळलंसुद्धा नाही. कळायचं कारणही नव्हतं. तिच्या कामात तो कचराच होता. मी स्वतः किती वर्षं गवत कापणाऱ्यांवर, पतंगांवर, अँटेनाजवळ बांधलेल्या म्हशींवर ओरडलोय, तेही माझ्या लेखी कचराच होते, आणि ती कुणाची तरी म्हैस होती. असं मी स्वतःला समजावत गच्चीत गेलो. तिथे अभिजितचे मोजे वाळत होते आणि अमौसीच्या बाजूनं एक विमान खाली येत होतं. ते आता विचारत असणार. माझं यंत्र कधीच भंगारात गेलं, तिथे नवं बसलंय, पण सूर तोच आहे, उत्तर तेच आहे. मला एकदम माझी कीव आली आणि मग त्या कीव येण्याचाच राग आला.

ही सगळी लहानशी गोष्ट होती आणि संध्याकाळपर्यंत विरली असती. पण त्याच आठवड्यात तिचा उंचवटा आला. तो काय असतो हे मला ती एकदा अमीनाबादच्या रिक्षात समजावत होती. आम्ही तिघं खिडक्यांच्या पडद्यांचं कापड घ्यायला निघालो होतो, आणि गल्लीच्या तोंडाशीच कबाबांचा वास आला, पद्मानं पदर नाकाला लावला. श्रुती म्हणाली, "बाबा, आता दुकान कुठलं ते दिसत नाहीये, पण मोहल्ला कळला ना? माझा नकाशा असाच. एकेक दीर्घिका मी बघतच नाही. कुठल्या मोहल्ल्यात हायड्रोजन दाट आहे तेवढंच." आणि हे दाट मोहल्ले म्हणे एकमेकांपासून एका ठरावीक अंतरावर जरा जास्त सापडतात. विश्व लहान आणि तापलेलं होतं तेव्हाची ती खूण. नकाशा पुरेसा मोठा आणि पुरेसा स्वच्छ झाला तर आलेखात त्या अंतरावर एक उंचवटा दिसतो, आणि त्याची मोजपट्टी करून विश्व किती पसरलं ते काढता येतं. "अंतर मोजायचंच काम आहे, बाबा. आपलं दोघांचं खातं एकच." रिक्षावाल्यानं मागे वळून आमच्याकडे पाहिलं होतं ते मला आठवतंय. पद्मा पदराआडून म्हणाली होती, "दोघांनी मिळून पडद्यांचं माप तरी बरोबर आणलंय का?"

तर तो उंचवटा आला. सकाळी ती खोलीतून बाहेर आली ती थेट पद्माच्या गळ्यात पडली. पद्माच्या हाताला पीठ होतं, ती हात वर धरून उभी. "आई, दिसला," एवढंच ती म्हणाली. अभिजित दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आला, म्हणाला, "अरे यार, सच में?" आणि मग दोघांनी आम्हाला बसवून सांगितलं. उंचवटा टिकला, शोधनिबंध छापायला गेला, तर पुढच्या, याहून मोठ्या नकाशाचं काम श्रुतीकडे येणार होतं. त्यासाठी दोन वर्षं तिकडे राहायचं, त्या माळाजवळच्या गावात. अभिजित इथेच राहील, सुट्ट्या साठवून जाईल. त्यांचं आपसांत ठरलेलं होतं. मी म्हटलं, वा, वा, उत्तम. मला ते दोन शब्द अजून ऐकू येतात, टॉवरला द्यायचो त्या आवाजातले. दोन वर्षं, मी मनात म्हणत होतो. दुपारी चहा कुणाबरोबर घ्यायचा? माणसं मोठमोठ्या दुःखांबद्दल बोलतात, मला पहिल्यांदा चहाच आठवला, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तेव्हा पडद्यावर तो होता. वर एक रेघ, तिच्यावर मध्यभागी उंचवटा, पहाटे रजईखाली गुडघा दिसतो तेवढाच, पण होता. आणि खाली दुसरी रेघ, सगळं साफसूफ करून उरलेल्याची. त्या खालच्या रेघेवर बारीक दात होते. श्रुती निनादशी बोलत होती, मी कप ठेवला आणि वाकून पाहिलं. दात सारख्या अंतरावर होते. एकेका मेगाहर्ट्झवर. जगात एकेका मेगाहर्ट्झवर कुणाचे दात असतात ते मला झोपेतही सांगता येईल. आमच्या सगळ्या वाहिन्या तशाच आखलेल्या, एकेका मेगाहर्ट्झच्या अंतरानं. आणि मी म्हणालो, "श्रुती, हे माझं आहे."

"काय तुमचं, बाबा?"

"हे. दात. डीएमई आहे हे. तू उडवलंस ते मोठं मोठं होतं. लांबच्या विमानांचं बारीक राहिलंय तळाशी." आणि मग, थांबता आलं असतं तिथे न थांबता, "तुझा उंचवटाही त्याचाच असेल."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली, दात मोठे करून पाहिले, आणि म्हणाली, "दात असायचेच, बाबा, ते थोडे असणार हे आम्हाला ठाऊक आहे. पण वरचा... थांबा. बघते." कप मी ठेवला तिथेच राहिला. साय धरली त्यावर. मी बाहेर आलो, आणि पहिली जी भावना मनात आली ती मला स्पष्ट आठवते, ती आनंदाची होती. माझं यंत्र विश्वाच्या नकाशात सापडलं होतं. कचरा म्हणता, मग घ्या, तुमच्या उंचवट्यात मी बसलोय. दुसरी भावना तिच्या पाठोपाठ आली, दबक्या पावलांनी: म्हणजे ती जाणार नाही.

निबंध थांबला. आफ्रिकेच्या आणि पुण्याच्या मंडळींना तिनं कळवलं की एक शंका आहे, तपासायला हवी. शंका कुणाची हे तिनं सांगितलं की नाही मला माहीत नाही. दार बंद ठेवून काम करू लागली. जेवायला यायची, नीट बोलायची, माझ्याशी आधीपेक्षाही नीट, आणि तेच मला टोचायचं. डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. एका संध्याकाळी अभिजित ऑफिसातून आल्या आल्या माझ्याजवळ येऊन बसला. तो रागावत नाही कधी; हळू आवाजातच म्हणाला, "बाबा, आपको बोलने की क्या ज़रूरत थी? तीन साल से लगी है इस पर।"

"दिसलं ते बोललो."

"हाँ, वो तो ठीक है।" तो थोडा वेळ चपलेशी चाळा करत राहिला. "पर अगर आप ग़लत हुए तो?"

मी चूक असलो तर, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मला पडलेला प्रश्न उलटा होता: मी बरोबर असलो तर? मी बरोबर असलो तर श्रुती इथे राहील. मागच्या खोलीत राहील, दुपारी दार उघडून "अहाहा" करील, ताक, घुसळणं, आज तुमची मंडळी फार आहेत बाबा. आणि तिच्या डोळ्यांखालचं काळं तसंच राहील, कदाचित कायमचं. मी रजईत पडून त्या दातांचा विचार करत राहायचो. खरंच दिसले होते, की मी बघायलाच गेलो होतो? आमच्याकडे कॅलिब्रेशनचं विमान यायचं वर्षातून कधीतरी. ते आमच्या यंत्राभोवती गोल घालायचं आणि आमची उत्तरं बरोबर आहेत का ते वरून तपासायचं. खाली आम्ही चहासुद्धा न पिता उभे असायचो. यंत्र स्वतःला तपासू शकत नाही, त्याला बाहेरचं कुणी लागतं. माझ्या मनाभोवती गोल घालणारं विमान कुठून आणायचं?

ते काम पद्मानं केलं, अमीनाबादेत. तिला चिकनचं, म्हणजे लखनवी भरतकामाचं, कापड घ्यायचं होतं. भर बाजारात, रिक्षा अडकलेली, पुढे हातगाडी, मागे स्कूटर, आणि ती मांडीवरचं फिकट आकाशी कापड उलगडून त्यावरचं काम निरखत होती. मी विचारलं कुणासाठी. श्रुतीसाठी, म्हणाली, तिकडे ऊन फार असतं म्हणे, सुती बरं पडेल. मी म्हटलं, "आणि उंचवटा टिकला नाही तर?" "तर इथे घालेल. कापडाला काय." मग तिनं घडी घातली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक विचारू? तुम्ही यंत्रासाठी बोललात, का ती जाऊ नये म्हणून?" मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "मला कळत नाही." आणि ते खरं होतं. मला वाटलं ती आता काहीतरी बोलेल, चांगलं फैलावर घेईल. तिनं कापडाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मलाही ती जाऊ नये असंच वाटतं. पण मला मेगाहर्ट्झ येत नाहीत, म्हणून मी गप्प."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. लग्न होऊन पद्मा मिरजेहून निघाली तेव्हाची मला आठवली. गाडी दोन दिवस धावत होती आणि प्रत्येक मोठं स्टेशन आलं की ती विचारायची, अजून किती लांब? झाशीला विचारलं, कानपूरला विचारलं. चारबागला उतरलो, तिथला तो लालपांढरा पसारा बघून तिला वाटलं आलं घर, तर ट्रंक टांग्यात चढली आणि पुन्हा अमौसीपर्यंत शेतंच शेतं, पुन्हा तेच, अजून किती लांब हो? मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. आता थोडंच, आता एवढंसंच. तिची आई स्टेशनवर रडली नव्हती, पिशवीत दशम्या भरून देऊन हसत उभी होती, आणि मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय कठोर बाई आहे. इतक्या वर्षांनी, अमीनाबादच्या कोंडीत, आकाशी कापडाची पिशवी मांडीवर घेऊन मला त्या बाईंना नमस्कार करावासा वाटला. त्यांच्यामुळे माझा संसार झाला. त्यांनाही दुपारी चहाला कुणीतरी लागत असणारच.

त्यानंतरच्या एका दुपारी ऊन पडलं. धुक्याचे दिवस ओळीनं गेल्यावर लखनौत असं ऊन पडतं तेव्हा सगळा मोहल्ला गच्च्यांवर येतो. मी चटईवर मटार सोलत होतो; निमोना करायचा होता, वाटलेल्या मटारची इथली आमटी, तो पद्मा शेजारच्या सरोजभाभींकडून शिकली आणि आता त्यांच्यापेक्षा चांगला करते. श्रुती वर आली, माझ्या शेजारी बसली, आणि शेंगा घेऊन सोलू लागली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. दाणे परातीत पडत होते. मग ती म्हणाली, "बाबा, तुमचं नाही ते."

मी शेंग धरून बसलो.

"डेटाचे दोन भाग केले. त्या माळावरून विमानं भरपूर जातात तेव्हाचा एक, जवळजवळ नसतात तेव्हाचा एक. दोन्हींचे वेगळे नकाशे केले. दुसऱ्यात दात गेले. सपाट. उंचवटा जिथल्या तिथे आहे." ती आता भराभरा बोलू लागली. "मग आणखी एक केलं. जमिनीवरचं किंवा विमानांचं काही असेल तर ते दिशेला चिकटून राहणार, आकाश पुढे सरकलं तरी ते तिथेच. हा आकाशाबरोबर सरकतो, बाबा. रोज. तो तिथलाच आहे."

तो तिथलाच आहे. चार अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, माझा नव्हे. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलं काय, तर हलकं. इतकं हलकं की मला परात खाली ठेवावी लागली. माझं यंत्र तिच्या आणि त्या एवढ्या लांबच्या गोष्टीच्या मध्ये उभं नव्हतं. मी आयुष्यभर कुणाच्या वाटेत उभा राहिलो नव्हतो, आणि आता शेवटाला राहिलो असतो तर काय तोंड होतं मला. गच्चीवरून खाली सब्जीवाला गाजरं ओरडत चालला होता, पलीकडच्या गच्चीत कुणीतरी केस वाळवत होतं, आणि मला या सगळ्याबद्दल, त्या गाजरांबद्दलसुद्धा, कुणाचे तरी उपकार वाटत होते.

"श्रुती, मी ते कशासाठी बोललो, मलाच नक्की ठाऊक नाही," मी म्हणालो. "तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. ते आधी होतं की दात आधी दिसले, कळत नाही."

तिनं एक दाणा तोंडात टाकला. "मी ते मोजलं नाही, बाबा. प्रश्न बरोबर होता. आज ना उद्या कुणीतरी विचारलाच असता, तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. आता आहे." मग दुसरी शेंग उचलत, "आणि मी जाऊ नये असं या घरात कुणाला तरी वाटतंय, यात वाईट काय आहे? माझ्या मैत्रिणींना विचारा. सासरे देव पाण्यात घालून बसलेत, कधी एकदा जाते म्हणून."

"मी कचरा ऐकलं होतं," मी म्हणालो. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. तिचा चेहरा असा झाला की मीच घाबरलो. तिनं माझा हात धरला, मटारच्या हिरव्या बोटांनी, आणि नुसती धरून राहिली. खालून पद्मानं हाक मारली, "मटार सोलताय का पेरताय?"

निबंध गेला, तिकडचं काम श्रुतीकडे आलं. ती गेली त्या सकाळी धुकं परत आलं होतं. पद्मानं लवकर उठून कोपऱ्यावरच्या माणसाकडून मक्खन मलाई, दुधाच्या फेसाचा इथला हिवाळी गोड पदार्थ, आणवली होती, ती श्रुतीला भारी आवडते. दोघींनी ती उभ्याउभ्या एकाच मातीच्या कुल्हडातून खाल्ली. आकाशी चिकनचा कुर्ता शिवून झाला होता, त्यावर तिनं दोन स्वेटर चढवले होते. अमौसीपर्यंत अभिजित गाडी अगदी हळू चालवत होता, दिवे लावून, काच खाली करून. विमानतळ आता काचेचा झालाय, माझी ओळख पटवणारं तिथे कुणी नाही. दाराशी तिनं आम्हाला वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद द्यायचा तो विसरलो. म्हणालो, "तुझे आभार." आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी कुणाला तसं म्हटलं असेल. "अहो बाबा, मीच..." म्हणाली, आणि वळून आत गेली. अभिजित तिच्यामागे काचेपर्यंत गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. परत आला तेव्हा नाक लाल होतं, म्हणाला, "ठंड है।"

विमानाला उशीर झाला. मी म्हटलं, उडेपर्यंत थांबू. भिंतीलगतच्या रस्त्यावर अभिजितनं गाडी लावली. तिथून पूर्वी गवत दिसायचं, ती बसकी खोली दिसायची; आज दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. पण अशाच दिवशी तर ते यंत्र लागतं. डोळ्यांना काही दिसत नसताना कुणीतरी विचारायचं आणि कुणीतरी खालून उत्तर द्यायचं. तिच्या नकाशात तो कचरा आहे आणि तिच्या विमानात तोच आधार आहे, आणि या दोन्हींत मला आता काही भांडण दिसत नव्हतं. शेवटी आवाज आला, आधी मागून, मग डोक्यावरून, गाडीच्या काचा थरथरल्या, आणि आवाज पश्चिमेकडे बारीक होत गेला. आम्ही तिघंही वर बघत होतो. वर पांढरं होतं.

अभिजितनं किल्ली फिरवली. गाडी रस्त्याला लागली, चौक गेला, आणखी एक चौक गेला. मागच्या सीटवर पद्मा रिकामं कुल्हड हातात धरून बसली होती, ते टाकायचं ती विसरली होती.

"किती लांब गेली असेल हो?" तिनं विचारलं.

"फार नाही," मी म्हणालो. "अजून आपल्यालाच विचारतेय."